जवाबाची जागा

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत श्रीधर पानसे यांचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन माणसं आत उभी राहिली तर तिसऱ्यानं जिन्यावर थांबायचं, एवढीच जागा. पण काचेवर पाटी मात्र ऐसपैस: ‘गाणे गाऊन दाखवू नये. नाव सांगावे. नाव आठवत नसल्यास आठवल्यावर यावे.’ ही पाटी वाचून काही गिऱ्हाइकं तशीच परत जायची. पानशांना त्याचं वाईट वाटत नसे. ज्याला गाण्याचं नाव ठाऊक नाही त्याला ते ऐकायची एवढी घाई कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी दुकान सुरू केलं तेव्हा लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि पानसे ती गाणी कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचे. कॅसेट साठ मिनिटांची, यादी हमखास पासष्ट मिनिटांची. दुसरा दुकानदार म्हणे, एक गाणं कमी करा. पानसे कधी म्हणाले नाहीत. दोन गाण्यांमधली शांतता ते अशी छाटत की एक सूर संपला न संपला तोच दुसरा सुरू व्हायचा. गाण्याआधीचा खाकरा, टाळ्या, तानपुऱ्याची लांबलेली सुरुवात, सगळं कात्रीत. नाटकमंडळींच्या स्पूलच्या फिती ते ब्लेडनं कापून जोडायचे, आणि कापलेले तुकडे शिंप्यासारखे गळ्यात लटकवून ठेवायचे. चुकून जास्त कापलं गेलं तर पुन्हा जोडायला. ‘पानशांच्या कॅसेटमध्ये बोटभर जागा मोकळी सापडायची नाही,’ असं गल्लीत म्हणत, आणि ते ऐकून पानसे वरवर कपाळाला आठ्या घालून आतून सुखावत.

हाच हात घरीही चाले. नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेल्यावर तिथं पानसे आणि त्यांच्या पत्नी जयाबाई अशी दोघंच राहिली. जयाबाई वाईच्या. बोलणं सावकाश, एकेक शब्द निवडून घेतल्यासारखं. ‘मला कधी कधी वाटतं...’ अशी सुरुवात करून त्या थांबत, आणि पानसे लगेच पुढचं भरून टाकत: ‘की पंख्यावर धूळ साचलीय. रविवारी पुसतो.’ पुसतही. नवरा म्हणून त्यांच्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि खोट नसलेल्या माणसाशी भांडायचं तरी कशावरून? जयाबाईंनी वाक्य पुरं करणं हळूहळू सोडून दिलं. पानशांना वाटे, आपल्याला बायकोच्या मनातलं न सांगता कळतं.

मग बाजार खुला झाला. तयार कॅसेटी भाजीच्या भावात मिळू लागल्या, पाठोपाठ सीड्या आल्या, आणि बघता बघता गल्लीतल्या निम्म्या दुकानांत मोबाइल आले. पुण्याच्या पूर्वेला हडपसरच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या आणि कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतली पोरंपोरी गळ्यात ओळखपत्र अडकवून शहरभर फिरू लागली. पानशांच्या शेजारच्यांनी पाट्या बदलल्या. पानशांनी बावन्नाव्या वर्षी संगणकाचा वर्ग लावला. वर्गात सगळी मिसरूड फुटलेली मुलं. सर पानशांहून पंचवीस वर्षांनी लहान. तरी पानसे पहिल्या बाकावर बसले, वहीत आकृत्या काढल्या, आणि सहा महिन्यांनी काचेवर दुसरी पाटी लागली: ‘जुन्या कॅसेटची सीडी करून मिळेल. खराब आवाज स्वच्छ करू.’

या पाटीनं दुकान वाचवलं. लोक मुंजीच्या, डोहाळजेवणाच्या, गेलेल्या वडिलांच्या आवाजाच्या कॅसेटी घेऊन येऊ लागले. पानसे त्यातला पंख्याचा घरघराट काढायचे, खोकला काढायचे, आणि सवयीप्रमाणे मोकळ्या जागाही काढून टाकायचे. संगणकावर ते फारच सोपं होतं. ब्लेड नको, चिकटपट्टी नको. एक कळ दाबली की तुकडा गायब.

दोन हजार चार सालच्या नोव्हेंबरात, दुपारी एकला पाच मिनिटं कमी असताना, एक मुलगी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. एक वाजता दुकान बंद होतं हे पानशांनी घड्याळाकडे बघून तिला सांगितलं. ती म्हणाली, चालेल, चारला येते, तोवर इथेच पायरीवर बसते. हडपसरहून बस बदलून आलेय. असं उत्तर पानशांना कोणी दिलं नव्हतं. त्यांनी तिला आत घेतलं.

तिचं नाव कल्याणी शहारे. भंडारा जिल्ह्यातलं वैनगंगेकाठचं गाव, शिक्षणासाठी पुण्यात आली आणि आता हडपसरच्या एका कंपनीत नोकरीला. तीन आठवड्यांनी कंपनी तिला दीड वर्षासाठी अमेरिकेला पाठवणार होती. तिनं पर्समधून रुमालात बांधलेली कॅसेट काढली. आईचं गाणं आहे, म्हणाली. आमच्याकडे धानाची रोवणी करताना बाया म्हणतात ते. सीडी करून हवी. पानशांनी कॅसेट उजेडात धरली. बुरशी होती, फितीवरचा तपकिरी थर सुटायला आला होता. ही एकदाच वाजेल, त्यांनी बजावलं, वाजेल तेवढ्यात मी संगणकात घेईन, पुढे ही कचऱ्याची. मुलीनं रिकाम्या रुमालाची घडी केली आणि हो म्हणाली. आणखी काही सांगायचं आहे का, असं पानशांनी विचारलं नाही. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण तेवढ्यात त्यांनी पावती फाडून तिच्या हातात दिली आणि ते वाक्य तिथंच राहिलं.

कॅसेट खरंच एकदाच वाजली. यंत्राच्या तोंडाशी तपकिरी भुकटी साचली आणि शेवटच्या कडव्यानंतर फीत मधोमध तुटली. पण गाणं हाती लागलं होतं. चाळिशी उलटलेल्या बाईचा भरडा, मोकळा आवाज. साथीला काही नाही. पानसे गाण्यातले दर्दी, पण असं गाणं त्यांनी कधी भरलं नव्हतं. ती म्हणत होती:

इथं उभी चिखलात, जीव नदीच्या पल्याड,
नदी वलांडून गेली, जीव राह्यला अल्याड.

पानशांनी ते तीनदा ऐकलं. सासरी असलेल्या पोरीला माहेरची ओढ, आणि माहेरी गेली की सासरची. जिथं जावं तिथं जीव थाऱ्यावर नाही, असा अर्थ त्यांनी लावला आणि तो त्यांना आवडला. फक्त एक खोट होती. प्रत्येक कडव्यानंतर ही बाई थांबत होती. थोडंथोडकं नाही, चांगलं कडवंभर. आणि त्या वेळात नुसतं एक खट, खट असं बारीक वाजत होतं. यंत्राचा पट्टा घसरत असणार, पानशांनी ठरवलं. सात कडवी, सात खिंडारं. पानशांनी मन लावून दोन दुपारी काम केलं, दुपारची झोप सोडून. खटखट काढली, खिंडारं बुजवली, एका श्वासाला दुसरा असा जोडला की ती बाई दमच घेत नाही असं वाटावं. एकोणीस मिनिटांचं गाणं दहा मिनिटांत बसलं. मग त्यांनी ते त्याच नावानं, त्याच जागी ठेवून दिलं, आणि सीडीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘सासुरवाशिणीचे गाणे’.

शनिवारी कल्याणी आली. पानशांनी तिला कानाला लावायचे फोन दिले आणि स्वतः तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभे राहिले. कौतुक ऐकायची वेळ आली की ते असेच उभे राहत. आईचा आवाज आला तशी मुलगी हसली. दुसरं कडवं लागलं आणि हसू गेलं. तिसऱ्याला तिनं फोन काढून टेबलावर ठेवले.

“काका, माझी जागा कुठे गेली?”

पानशांना उमगलं नाही.

“आई कडवं झालं की थांबते ना. ती जागा.”

ती काढली, पानसे म्हणाले, तिथं काही नव्हतं, नुसती खटखट होती.

“काहून काढली जी?” मुलीची पुण्याची भाषा एकदम सुटली. “खटखट नव्हती ती. माझी आई मांडीवर हात मारत होती.”

मग तिनं जे परवा सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं. धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, एका वाफ्यात दाट उगवतात. तिथून ते उपटायचे आणि चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, एकेक करून रोवायचे. बाया वाकून रोवतात आणि एकेक पाऊल मागं मागं सरकतात. दोन ओळी असतात. एक ओळ गाण्यातून विचारते, दुसरी जवाब देते. पहिला जवाब ठरलेला असतो, सगळ्यांना पाठ असतो. पुढचे जिचे तिनं आपल्या मनातले जोडायचे. आणि जवाब आल्याशिवाय विचारणारी ओळ मागं सरत नाही. हातातली जुडी संपली तरी तशीच चिखलात उभी राहते.

कल्याणी लहानपणापासून आईच्या समोरच्या ओळीत असायची. नव्व्याण्णव साली ती पुण्याला आली तेव्हा आईनं शेजाऱ्याकडून टेप मागून आणला, विचारणीची सात कडवी भरली, जवाबाच्या जागा मोकळ्या ठेवल्या आणि कॅसेट थोरल्या मुलाबरोबर, समाधानबरोबर, पुण्याला पाठवली. निरोप असा की जागा भरून परत पाठव. कल्याणीनं वसतिगृहात ती लावली. खोलीतल्या मुली आधीच तिच्या ‘काहून’ला हसत होत्या, आता गाण्याला हसल्या. कल्याणीनं टेप बंद केला. उद्या भरू, परीक्षेनंतर भरू, नोकरी लागल्यावर भरू, असं करता करता दोन वर्षं गेली आणि आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू येतं, कळतं सगळं, पण बोलत नाही. पुढच्या आठवड्यात गावी जाऊन, आईसमोर बसून, सीडी लावून त्या जागा भरायच्या, असं कल्याणीनं ठरवलं होतं.

“पाच वर्षं झाली, काका,” ती म्हणाली. “माझी आई अजून त्याच ओळीत उभी आहे.”

पानशांनी सीडी यंत्रातून बाहेर काढली. उद्या रविवार, दुकान बंद, पण उद्या या, एवढंच ते म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी संगणकाचा कानाकोपरा धुंडाळला. वर्गातल्या सरांना फोन केला. सरांनी हसून सांगितलं, पानसेकाका, त्याच नावानं ठेवलंत म्हणजे पहिलं पुसलं गेलं. पानसे रिकाम्या टेबलाकडे बघत राहिले. इतकी वर्षं कापलेला प्रत्येक तुकडा त्यांच्या गळ्यात लटकलेला असे. या यंत्रात कापलेलं कुठं पडतं हे त्यांनी वहीत लिहून घेतलंच नव्हतं.

रात्री जेवताना त्यांनी जयाबाईंना सगळं सांगितलं. आधी ‘त्या मुलीनं आधी सांगायला नको?’ असं म्हणाले, आणि मग, मधे कोणी काही न बोलताच, ‘मीच विचारायला हवं होतं,’ असंही म्हणाले. जयाबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला. आयुष्यात दुसऱ्यांदाच त्या नवऱ्याच्या तोंडून हे वाक्य ऐकत होत्या. पहिल्यांदा ते मुलीच्या लग्नात, आचाऱ्याच्या बाबतीत आलं होतं.

रविवारी सकाळी पानशांनी एक तोड काढून ठेवली. कडवी पुन्हा सुटी केली आणि प्रत्येकामागे मोजून सव्वा मिनिटाची शांतता घातली. कल्याणीनं ऐकलं आणि मान हलवली. आई अशी नव्हती थांबत, ती म्हणाली, कुठं जास्त थांबायची, कुठं कमी. ज्या गोष्टीला जवाब द्यायला वेळ लागणार तिथं जास्त. मग किती, पानशांनी विचारलं. तिला सांगता येईना. किती ते म्हटल्याशिवाय कळणार नव्हतं. म्हणजे तिनं इथं, या दुकानात, गायला हवं होतं. दोघांचीही नजर एकदमच काचेवरच्या पाटीकडे गेली.

“गा,” पानसे म्हणाले.

तिला जमेना. तिनं दोनदा घसा साफ केला. पहिला जवाब तोंडावर होता, पण बाहेर आला तो पुण्याच्या भाषेत, धुऊन इस्त्री केल्यासारखा, आणि तिचा तिलाच कसातरी वाटला. पानसे समोर हाताची घडी घालून, परीक्षेला बसवल्यासारखे तिच्याकडे बघत होते.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जयाबाई डबा घेऊन आल्या होत्या. रविवारी डबा आणायचं काही कारण नव्हतं. दुकानात त्या वर्षातून एकदा, पाडव्याला यायच्या. त्यांनी आत डोकावून दोघांकडे पाहिलं.

“अहो, समोर ओळ नाही तर ती जवाब कुणाला देणार? तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “तुम्ही बाहेर थांबा.”

यंत्र कोण चालवणार, असं पानसे म्हणायला गेले. जयाबाई म्हणाल्या, मला दाखवा कुठली कळ दाबायची. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि आपल्या यंत्राला पानशांनी बायकोचा हात कधी लागू दिला नव्हता. त्यांनी कळ दाखवली: ही दाबली की आई गाते, ही दाबली की आई थांबते, ध्वनिमुद्रण चालूच राहील. मग ते बाहेर जिन्यावर जाऊन, आपल्याच पाटीखाली उभे राहिले. गल्लीतली सगळी शटरं खाली होती आणि दगडूशेठच्या बाजूनं फक्त घंटा ऐकू येत होती.

आत जयाबाई स्टुलावर, कल्याणीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या. पोरी, मला काही येत नाही, हात मात्र मारते, असं त्या म्हणाल्याचं पानशांनी काचेतून ऐकलं. आई गायली. आई थांबली. जयाबाईंचा हात मांडीवर पडू लागला, खट, खट, आणि त्याबरोबर त्यांच्या बांगड्या किणकिणू लागल्या. बराच वेळ नुसत्या बांगड्याच वाजत होत्या. मग मुलीचा आवाज आला, बारीक, कापरा, पण भंडाऱ्याचा:

रोप उपटलं बाई, आठ दिस ऱ्हायलं पिवळं,
नवव्या दिशी फुटलं त्याले पान कोवळं.

आणि जिन्यावर उभ्या असलेल्या पानशांना गाण्याचा अर्थ कळला. जे त्यांनी ‘सासुरवाशिणीचे गाणे’ म्हणून लिहून ठेवलं होतं ते रडगाणं नव्हतंच. वाफ्यात राहिलेल्या रोपाला दाणा भरत नाही, ते उपटावंच लागतं. आणि उपटलेलं रोप काही दिवस पिवळं पडणार, त्याचा जीव इथं ना तिथं होणार, यात त्याचा दोष नाही. समोरची ओळ विचारत असते ती एवढंच, की बाई, अजून पिवळी आहेस की पान फुटलं? ती आई मुलीला परत ये म्हणत नव्हती. ती विचारून थांबली होती.

पुढचे जवाब कल्याणीचे स्वतःचे होते. पहिल्या वर्षी घरच्या तांदळाची पिशवी उशाशी घेऊन झोपायची, ते तिनं गाऊन सांगितलं. हडपसरच्या बसमध्ये आधी उभी राहायची आणि आता खिडकी मिळते, तेही सांगितलं, आणि त्यावर आत दोघी हसल्या. पाचव्या कडव्याला ती फार वेळ थांबली. जयाबाईंचा हात थांबला नाही. मग ती म्हणाली की माय, तुझं गाणं मी लाजेपायी बंद केलं, तुझी लेक तुले लाजली. तिथं तिचा सूर फुटला. पानशांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच काचेवरची पाटी पुसायला घेतली.

सातही जवाब एका सकाळीत झाले. पानशांनी चार दुपारी बसून आईच्या प्रत्येक कडव्यामागे मुलीचा जवाब जोडला आणि या वेळी एक श्वाससुद्धा कापला नाही. पाचव्या जवाबाआधीची लांबलचक शांतता तशीच ठेवली. बांगड्याही ठेवल्या. सीड्या दोन केल्या. एकीत आई आणि लेक. दुसरीत आई आणि प्रत्येक कडव्यामागे नुसती मांडीवरची थाप, लेकीनं घेतला होता तेवढाच वेळ मोकळा. दुसरी कशाला, कल्याणीनं विचारलं.

“तिकडे गेल्यावर पुन्हा पिवळं पडायला होईल,” पानसे म्हणाले. “तेव्हा लागेल.”

तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा ते गडबडले आणि चार वाजत आले, दुकान उघडायचंय, असं म्हणाले. दुकान उघडंच होतं.

विमानाच्या आदल्या दिवशी कल्याणी गावाहून परतली ती थेट तपकीर गल्लीत आली. हातात तांदळाची पिशवी, काकूंसाठी. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. समाधानदादानं गावातून सीडीचं यंत्र मिळवून आणलं. आईला खाटेवर, भिंतीला टेकवून बसवलं होतं, पाठीशी बाबासाहेबांचा फोटो. स्वतःचा आवाज ऐकून आईनं डोळे मोठे केले. पहिलं कडवं संपलं तेव्हा ती घाबरल्यासारखी यंत्राकडे बघू लागली. पुढे मोकळी जागा आहे, हे तिला ठाऊक होतं. आणि मग मुलीचा जवाब आला. आईचा डावा हात हळूहळू मांडीवर पडायला लागला. पुढच्या सगळ्या जवाबांना पडत राहिला, पाचव्याला तर जोरात पडला. सातवा जवाब झाला, यंत्र थांबलं.

“आणि काका,” कल्याणी म्हणाली, “आई बसल्या बसल्या, इतकीशी मागं सरकली.”

तिनं दोन बोटांत अंतर दाखवलं. पानशांनी ते नीट पाहून घेतलं. मग त्यांना ते बारीकसं अंतर दिसेनासं झालं, म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला.

त्या संध्याकाळी त्यांनी दुकान अर्धा तास आधी बंद केलं. जाण्यापूर्वी ब्लेडनं पाटीवरचं पहिलं वाक्य खरवडून काढलं. बाकीची दोन ठेवली, शिस्त अगदीच सोडून चालत नाही. घरी आल्यावर जयाबाईंना तांदळाची पिशवी दिली आणि खाटेवरच्या आईचं सगळं सांगितलं. जयाबाईंनी मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन वास घेतला. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

“मला कधी कधी वाटतं...” जयाबाई म्हणाल्या, आणि सवयीनं थांबल्या.

पानशांच्या जिभेवर तांदूळ निवडायचे, डब्यात भरायचे, काहीतरी आलं होतं. त्यांनी ते गिळलं. खालची स्कूटर सुरू होऊन निघून गेली. जयाबाईंनी तांदूळ पिशवीत परत टाकले, हात झटकला, आणि नवरा अजून गप्प आहे हे लक्षात येऊन चमकून वर पाहिलं. पानसे खुर्चीत, हाताची घडी न घालता, बसून होते.

“वाटतं, की वाईला घाटावर जाऊन बसावं,” त्या शेवटी म्हणाल्या. “काम काही नाही. इथं असले की तिथली नदी डोळ्यांपुढे येते. नुसतं बसायचं. तुम्ही आलात तर दोघांनी.”

एकतीस वर्षांत हे कधी बोलली नाहीस, असं ते म्हणणार होते. पण ती कितीदा बोलायला निघाली होती आणि त्यांनी किती पंखे पुसले होते, ते त्यांचं त्यांनाच आठवलं.

“मला माफ कर, जया,” ते म्हणाले. “रविवारी जाऊ या?”

जयाबाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पानशांचा हात आपोआप मांडीवर पडू लागला, हळूहळू, आणि ते थांबून राहिले.